धूळ झाडली, ओल राहिली: कोकणातल्या मुलांच्या शिंकांमागचं कारण

चतुर्थीच्या आधीचा आठवडा. मुंबईहून चाकरमानी येतात, मे महिन्यापासून कुलूप लागलेलं घर उघडतं, जळमटं निघतात, लाद्या घासल्या जातात, माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या खाली येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं एखादं पोर उठल्या उठल्या शिंकांची माळ लावतं आणि नाक चोळत, लाल डोळ्यांनी ओटीवर येऊन बसतं. आजी म्हणते, "गारठो बाधलो झिलाक." आई म्हणते, धुळीची ॲलर्जी आहे. बाबा वैतागतात, "अगं, पण काल तर अख्खं घर धुऊन काढलं!"

तिघांत सगळ्यात नेमका मुद्दा बाबांचा आहे. धुळीची ॲलर्जी आहे आणि धूळ काढली, तर मग शिंका कसल्या? बारा महिने कोकणातच राहणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतो. दोन वेळा केर निघतो, पंखे पुसलेले असतात, तरी मुलगी पहाटे खोकते. याचं उत्तर आपण जिला धूळ समजतो तिच्यात फारसं नाही. ते गादीत आहे आणि हवेतल्या ओलाव्यात आहे.

कुठली धूळ?

‘डस्ट ॲलर्जी आहे, धुळीपासून जपा,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तांबडी धूळ येते. चिरेखाणीची, कच्च्या रस्त्याची, वर्षानुवर्षं काम चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गाची. मग रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या जातात. ही धूळ चांगली नव्हेच. तिने घसा खवखवतो, दमा असलेल्याला धाप लागू शकते. पण ती दगडाची पूड आहे. ती नाकाला खुपते, तिची ॲलर्जी होत नाही.

ॲलर्जी बहुतेक वेळा सजीवांपासून आलेल्या प्रथिनांची होते. अशा पदार्थाला ॲलर्जन म्हणतात. घरातल्या धुळीत कापसाचे तंतू, आपल्याच कातडीचे सुटलेले कण, बुरशीची बीजं, झुरळांचे तुकडे, मांजराच्या अंगावरचा कोंडा असं बरंच काही असतं. यात त्रास देणारं मुख्य काय, हे कळायला १९६४ साल उजाडावं लागलं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे राइंडर्ट फोरहोर्स्ट आणि फ्रिट्स स्पीक्स्मा यांनी घरच्या धुळीतला एक अतिसूक्ष्म जीव पकडला. दमट घरांतली धूळ जास्त बाधते, हे तिथल्या डॉक्टरांच्या आधीपासून लक्षात आलं होतं. त्या निरीक्षणाचा उलगडा या जीवाने केला.

तोंडाने पाणी न पिणारा प्राणी

त्याचं नाव डस्ट माइट. आपण नुसतं माइट म्हणू. कोळ्याच्या आणि गोचिडीच्या नात्यातला हा आठ पायांचा जीव मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तो चावत नाही, रक्त पीत नाही. ढेकणाशी किंवा खरजेच्या किड्याशी त्याची गल्लत करू नये. आपल्या अंगावरून रोज जो कातडीचा कोंडा झडतो, त्यावर तो जगतो. गादी, उशी, गोधडी, सोफा, भरलेली खेळणी इथे हा कोंडा साठतो आणि माइटही तिथेच वस्ती करतो.

माइटचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं. तेवढ्यात मादी काही डझन अंडी घालते आणि प्रत्येक माइट दिवसाला साधारण वीस लेंड्या टाकतो. खरी गोष्ट या लेंड्यांचीच आहे. त्यांत माइटच्या पोटातले पाचक रस असतात आणि त्यांतलं एक प्रथिन फार चिवट आहे. ते नाकात आणि श्वासनळीत गेलं की आतल्या अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतं आणि आत घुसतं. माइट मेला तरी त्याच्या लेंड्या गादीत महिनोन्‌महिने तशाच राहतात.

आता ओलाव्याकडे येऊ. माइटच्या शरीराचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग पाणी असतो, पण त्याला पाणी पिता येत नाही. पुढच्या पायांच्या मुळाशी त्याच्या ग्रंथी असतात. त्यांतून क्षारांचा एक द्रव पाझरतो, तो हवेतला ओलावा शोषून घेतो आणि ते पाणी माइटच्या पोटात जातं. हवेतली आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर असेल तर हे जमतं. ती बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट सुकून मरतो.

कोकणच का?

स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघा. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याच्याही आधी ओलं होतं. ज्या घरात मीठ पाझरतंय त्या घरात माइटला पाण्याची ददात नाही, एवढं समजायला वेगळं यंत्र लागत नाही.

आणि कोकणात मीठ वर्षाचे किती महिने कोरडं असतं? किनारपट्टीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते, दारं फुगून अडकतात, कपडे तीन-तीन दिवस दोरीवर लोंबतात आणि तरी त्यांचा कुबट वास जात नाही. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. गिलावा नसलेली किंवा उखडलेली भिंत पाणी पिते आणि ते आत सोडत राहते. त्यात समुद्र शेजारी, त्यामुळे पाऊस गेला तरी हवा घाटावरच्यासारखी करकरीत कोरडी होत नाही.

गादीच्या आतली हवा तर खोलीतल्या हवेपेक्षाही दमट. रात्रभर मुलाचा घाम आणि श्वासातली वाफ तिच्यात मुरते, ऊबही मिळते. २५ अंशांच्या आसपासचं तापमान, ओलावा आणि फुकटचं खाणं, आणखी काय हवं? युरोपात ज्या दोन जातींचा अभ्यास जास्त झाला त्या आपल्याकडे आहेतच. शिवाय उष्ण-दमट किनाऱ्यांवर ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस नावाची आणखी एक जात असते.

यातून एक वरकरणी उलटी वाटणारी गोष्ट कळते. ऑक्टोबरच्या उन्हाने माइट कमी होऊ लागतात, पण पावसाळाभर साठलेल्या लेंड्या तिथेच असतात. त्यामुळे दिवाळीत, हवा मस्त कोरडी असताना, मुलं शिंकतात. बंद घराचंही तसंच. मे महिन्यात माणसं झोपून गेली, गाद्या माळ्यावर एकावर एक रचल्या, पाऊस लागला, दारं-खिडक्या बंद. चतुर्थीला ती गादी झटकून पोराला झोपवलं की चार महिन्यांचा साठा एका रात्रीत नाकाशी येतो. बाबांनी लाद्या धुतल्या होत्या. गादी धुतली नव्हती.

‘सोलापूरला मामाकडे गेला की बरा असतो’ हे बऱ्याच आयांचं निरीक्षण असतं, आणि त्याची टिंगल करू नये. स्वित्झर्लंडमधल्या दावोससारख्या उंच, कोरड्या ठिकाणी दम्याच्या रुग्णांना पाठवायची जुनी रीत होती. तिथल्या घरांत माइट फारच कमी सापडतात.

शरीरात नेमकं काय होतं?

माइटची लेंडी विषारी नसते. घरातले पाच जण तीच हवा घेतात आणि एकच शिंकतो. फरक त्याच्या प्रतिकारशक्तीत असतो.

पडवीत बांधलेला कुत्रा चोरावर भुंकला तर कौतुक. पण त्याने एकदा पोस्टमनला चोर ठरवलं की मग काय होतं? पहिल्या दिवशी तो नुसता हुंगतो आणि वास लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी पोस्टमन बेड्यापाशी दिसला तरी घर डोक्यावर घेतो. पोस्टमनने काही केलेलं नसतं, नासधूस होते ती कुत्र्याच्या धावपळीने. ॲलर्जी म्हणजे ही धावपळ. लक्षात ठेवलेला वास म्हणजे आयजीई नावाचं प्रतिपिंड. १९६६-६७ च्या सुमाराला अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी ते वेगवेगळं शोधून काढलं. जंत आणि तत्सम परोपजीवींशी लढताना हे प्रतिपिंड कामाला येतं. नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या काही पेशींवर ते चिकटून बसतं. माइटचं प्रथिन दिसलं की त्या पेशी आतला साठा मोकळा करतात, हिस्टामीन बाहेर पडतं, आणि शिंका, पाणी, खाज सुरू. काही तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात सूज येते, नाक चोंदतं, छातीत घरघर लागते. रात्री उशिरा किंवा पहाटे खोकला येतो त्यात या दुसऱ्या लाटेचा वाटा असतो.

कुणाच्या बाबतीत असं होणार हे बरंचसं घराण्यावर असतं. आईबाबांपैकी एकाला दमा, ॲलर्जी किंवा इसब असेल तर मुलाची शक्यता वाढते, दोघांना असेल तर आणखी. बऱ्याच मुलांत एक क्रम दिसतो: तान्हेपणी गालांवर इसब, मग शाळेच्या वयात नाक, आणि काहींना पुढे दमा.

साधी सर्दी आणि ही, यांत फरक कसा करायचा? सर्दीला कणकण असते आणि ती आठवड्याभरात जाते. इथे ताप नसतो, पाणी पातळ असतं, नाकाला, टाळूला खाज असते आणि महिने जातात. तळहाताने नाक खालून वर चोळायची मुलाला इतकी सवय लागते की नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघ पडते. डोळ्यांखाली काळसर वर्तुळं, तोंड उघडं टाकून झोपणं, वर्गात पेंगणं. अशा पोराला ‘आळशी’ म्हणून बोलणी बसतात, आणि ते बिचारं रात्रभर नीट झोपलेलंच नसतं.

मग केरसुणी काय कामाची?

मांजराचं ॲलर्जन हवेत तासन्‌तास तरंगतं. माइटच्या लेंड्या त्यामानाने जड असतात. उडाल्या तरी अर्ध्या तासात खाली बसतात. म्हणजे बंद खोलीत, कुणी हालचाल करत नसताना, हवेत त्या जवळजवळ नसतात. त्या उडतात कधी? गादी आपटली, चादर झटकली, कोरड्या केरसुणीने खोली झाडली, मुलांनी पलंगावर उड्या मारल्या तेव्हा. त्यामुळे मूल खोलीत असताना केलेली जोरदार साफसफाई त्याला उलट बाधते. लादी ओल्या फडक्याने पुसा आणि झटकाझटकी मूल शाळेत असताना करा.

हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्रांची जाहिरात हल्ली मोबाइल उघडला की दिसते. धूर आणि बारीक कणांसाठी त्यांचा उपयोग आहे. पण जो पदार्थ हवेत राहतच नाही आणि मुलाच्या नाकाखाली उशीत बसलेला आहे, त्याला ते यंत्र काय करणार? हे पैसे मी तरी गादीवर खर्च करीन.

उशीपासून सुरुवात

मूल दिवसाचे आठ-दहा तास उशीत नाक खुपसून असतं, म्हणून पहिला नंबर उशीचा, दुसरा गादीचा. घट्ट विणीच्या, चेन लावलेल्या खोळी मिळतात, त्यांतून कापूस श्वास घेतो पण लेंड्या बाहेर येत नाहीत. त्या महाग वाटल्या तर रेक्झिनची किंवा प्लॅस्टिकची पूर्ण बंद खोळ चालते. घाम येतो, म्हणून वर सुती चादर घाला. सावरीच्या कापसाची आजोळची उशी कितीही मऊ असली तरी खोळीशिवाय या मुलाच्या वाट्याला नको.

चादरी, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवायचं. गरम म्हणजे साधारण ६० अंश, ज्यात हात ठेववत नाही इतकं. गार पाण्यात लेंड्या बऱ्याच निघून जातात पण माइट बहुतेक जिवंत राहतात. न्हाणीतल्या हंड्याचं किंवा बंबाचं पाणी एवढं कढत असतंच. बादली मात्र मुलांच्या वाटेत ठेवू नका, भाजण्याचे अपघात असेच होतात. पावसात चादर नीट वाळत नसेल तर शेवटी कडक इस्त्री फिरवा.

गोधडीचा प्रश्न नाजूक आहे. आजीच्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून शिवलेली, वजनदार, वर्षात एकदा धुतली जाणारी. टाकून द्या असं कोण म्हणेल? एप्रिल-मे महिन्यात खळ्यात दोन्ही बाजूंनी दिवसभर कडक ऊन द्यायचं, मग मुलापासून लांब नेऊन झोडपायची. क्रम महत्त्वाचा आहे: ऊन माइटला सुकवून मारतं, पण लेंड्यांना काही करत नाही, त्या झोडपून किंवा धुऊनच जातात. त्यानंतर ती प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावी आणि शिंकणाऱ्या नातवाला धुता येणारी साधी चादर द्यावी. कापसाची गादी पिंजून घ्यायची ती याच दिवसांत, आणि पिंजताना मूल अंगणातही नको.

केसाळ अस्वल, ससे यांना पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग धुवायचं. जड पडदे, सतरंज्या, कापडी सोफा या खोलीतून हलवता आले तर हलवा. चटईवर पातळ अंथरूण घालून झोपणारी मुलं या बाबतीत सुखी.

आर्द्रतेचं काय? खरं सांगायचं तर जुलैत कोकणातलं घर यंत्राशिवाय ५० टक्क्यांच्या खाली आणता येत नाही. बाहेरचीच हवा ओलीचिंब असते. म्हणून त्या महिन्यांत खोळ आणि धुणं यांवर भर द्या, आणि आपण घरात जो ओलावा वाढवतो तो तरी रोखा. ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत न घालता पडवीत घाला, स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्या, कौलांची गळती आणि गिलाव्याच्या भेगा आगोटीच्या कामांतच उरकून घ्या. पाऊस ओसरला की खिडक्या सताड उघडा, तांबड्या धुळीच्या भीतीने बंद ठेवू नका. एसी चालू असेपर्यंत हवा कोरडी करतो, पण त्याची जाळी धुतली नाही तर बुरशी तो स्वतःच फेकतो.

डांबरगोळ्यांवर कोकणात फार भिस्त असते. मुलाच्या पांघरुणात त्या ठेवू नयेत. वासाने श्वासाला त्रास होतो, आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांत या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं.

इतकं करून गुण येतो का?

हा आक्षेप डॉक्टरांमध्येही आहे, आणि तो पोकळ नाही. २००८ साली पन्नासहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष होता की माइट कमी करण्याच्या उपायांनी दम्यात सिद्ध होण्याजोगा फरक पडत नाही. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संशोधकांनी माइटची ॲलर्जी आणि दमा असलेल्या २८४ मुलांवर अभ्यास केला. निम्म्यांना खऱ्या खोळी दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या. वर्षभरात साध्या खोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के मुलांना दम्याच्या झटक्याने रुग्णालयात जावं लागलं, खऱ्या खोळीवाल्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. रोजच्या लक्षणांत मात्र फारसा फरक नव्हता.

मी यातून एवढंच घेतो की खोळ हे औषध नाही, पण तपासणीत माइटची ॲलर्जी निघालेल्या मुलासाठी ती घेण्याजोगी आहे. नुसता एक उपाय करून थांबलं तर बहुधा निराशा होते. आणि ॲलर्जी नसलेल्या मुलाच्या घराने या सगळ्याच्या मागे लागायचं काही कारण नाही.

‘आम्ही शेणाने सारवलेल्या घरात वाढलो, आम्हाला कुठे काय झालं?’

या वाक्यात निम्मं तथ्य आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना नाकाची ॲलर्जी कमी, असं त्यांना दिसलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. दोघांचं मूळ आणि राहणी मिळतीजुळती. पण अमिश लोक घरालगतच्या गोठ्यात जनावरं पाळतात आणि हुटेराइट लोकांची शेती यांत्रिक आणि घरापासून लांब. दम्याचं प्रमाण अमिश मुलांत ५ टक्के, हुटेराइट मुलांत २१ टक्के. अमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त होते. लहानपणी गोठा, माती आणि मोठं कुटुंब लाभलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती शहाण्यासारखी वागायला शिकते, असा याचा अर्थ लावला जातो.

उरलेलं निम्मं असं, की ‘बाळदमा’ पूर्वीही होता. त्याला काढे दिले जात, ताईत बांधले जात, आणि काही मुलं दगावतही. त्या पिढीच्या आठवणीत वाचलेलेच बोलतात. शिवाय त्यांच्या घरात फोमची गादी, भरलेला सोफा आणि बंद खिडक्या नव्हत्या. आणि गोठ्याचा हा फायदा पहिल्या एक-दोन वर्षांतला, कदाचित आईच्या गरोदरपणापासूनचा असतो. आठ वर्षांच्या, आधीच दमा असलेल्या मुलाला गोठ्यात पाठवून तो बरा होत नाही.

चुलीचा धूर, अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल हे वेगळं प्रकरण. हे ॲलर्जन नव्हेत, पण आधीच सुजलेल्या श्वासनळीला ते सहन होत नाहीत. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सुटतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मुलाच्या उशाशी मच्छरदाणी लावावी, कॉइल नको. झुरळांची विष्ठा आणि तुकडे मात्र खरोखरचं ॲलर्जन आहे, आणि भिंतीवरची काळी बुरशीही. दोघांचं मूळ पुन्हा ओल.

कोळंबी बंद करायची का?

किनाऱ्यावरच्या घरात हा प्रश्न येणारच. माइट, झुरळ आणि कोळंबी हे तिघे प्राणिशास्त्रात दूरचे नातलग आहेत. तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. म्हणून माइटची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना, काहींनाच, कोळंबी खाल्ल्यावर ओठ-घसा खाजतो, अंगावर गांधी उठतात. हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही, वाळवूनही नाही. म्हणजे सोडे, जवळा, करंदी यांतही ते असतंच, आणि अतिसंवेदनशील मुलाला कालवण उकळतानाची वाफसुद्धा बाधू शकते.

बांगडा, सुरमई, पापलेट या माशांचं ॲलर्जन वेगळं आहे. कोळंबी बाधली म्हणून मासे बंद करायचं कारण नाही. आणि जे मूल आजवर कोळंबी मजेत खात आलंय, त्याची केवळ धुळीची ॲलर्जी निघाली म्हणून ताटातली कोळंबी काढून घेऊ नये. खाल्ल्यावर त्रास झाला असेल तरच तपासणी.

तपासणी आणि ‘पंपाची सवय’

त्वचेवर थेंब टाकून हलकं टोचण्याची चाचणी वीसेक मिनिटांत होते. रक्तातलं आयजीई मोजण्याचीही सोय आहे. दोन्हींत एक खाचखळगा आहे. चाचणी सकारात्मक येणं म्हणजे आजार असणं नव्हे. लक्षणं आणि चाचणी जुळली तरच तिला अर्थ. शंभर-दीडशे पदार्थांची यादी छापून देणाऱ्या रक्ततपासण्या करून मुलाचं दूध, अंडं, गहू, डाळ सगळं बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. पोर शिंकत राहतं आणि वर हाडकुळं होतं. आयजीजी मोजून अन्नाची ‘ॲलर्जी’ सांगणाऱ्या चाचण्यांना तर वैद्यकात आधारच नाही.

उपचारात नाकासाठी फवारा, गरजेप्रमाणे खाज-शिंकांची गोळी, आणि दमा असेल तर पंप. पंपाला घाबरून लोक मुलाला वर्षानुवर्षं खोकल्याची बाटली पाजतात. सवय लागण्याचा काही संबंध नाही. पंपातून औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. तेच तोंडाने द्यायचं तर मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कित्येक पट जास्त द्यावं लागतं. दुष्परिणाम अजिबात नाही असंही नाही. अमेरिकेत दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या मुलांत मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढी किंमत, आणि समोर झोप, शाळा, आणि क्वचित जीव. लहान मुलाला पंप स्पेसर नावाच्या नळकांड्यातून द्यायचा, नाहीतर निम्मं औषध जिभेवर बसतं, आणि नंतर चूळ भरायची.

एक घोळ नेहमी होतो. पंप दोन प्रकारचे असतात: सूज कमी करणारा, जो बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा, आणि तात्काळ आराम देणारा. लोक पहिला बंद करतात, दुसराच ओढत राहतात. आराम देणारा पंप वरचेवर लागतोय म्हणजे आतली सूज आटोक्यात नाही.

याउपरही त्रास राहिला तर ॲलर्जनचेच अगदी लहान, वाढते डोस इंजेक्शनने किंवा जिभेखाली थेंबांनी देऊन शरीराला त्याची ओळख करून देतात. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये परागकणांसाठी ही पद्धत वापरली. तीन वर्षं तरी नेटाने घ्यावी लागते, सगळ्यांना लागू पडत नाही, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास डॉक्टरांच्या नजरेसमोर थांबावं लागतं. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत.

थांबायचं नाही ते कधी

श्वास घेताना मुलाच्या बरगड्यांमध्ये आणि गळ्याखाली खळगा पडतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा आराम देणारा पंप देऊनही धाप कमी होत नाही. किंवा कोळंबीसारखं काही खाल्ल्यावर गांधींबरोबर उलटी, चक्कर, घसा आवळणं सुरू झालं. यांतलं काहीही दिसलं तर वाफ, ओवा, काढा यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा. वाडीत गाडी वरपर्यंत येत नसेल तर मुलाला बसत्या स्थितीत, उताणं न झोपवता, मुख्य रस्त्यापर्यंत आणा. धाप लागली असेल तर स्पेसरमधून आराम देणारा पंप चालू ठेवा. चक्कर येत असेल तर मात्र त्याला आडवं करून, पाय उंच धरूनच न्या आणि चालायला लावू नका.